पाठीला पाठ लावलेली दोन मशिनं

अमागासाकीच्या आमच्या बाजारगल्लीत उकाईसानांना ओळखत नाही असं कोणी नाही, आणि त्यांच्याशी पाच मिनिटं धड बोललंय असंही कोणी नाही. माणूस वाईट नाही, घुमा आहे. काही विचारलं तर उत्तर देतात, पण तुमच्या तोंडाकडे न बघता, तुमच्या मागे कुठलं यंत्र बिघडलंय का ते शोधत असल्यासारखं. बायको सुमिए अगदी उलट. गल्लीच्या टोकाला तिचं ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यांचं, छोटं दुकान आहे. तव्यावर कोबीचं पीठ ओतता ओतता ती चार गिऱ्हाइकांशी चार विषयांवर भांडू शकते. घर दुकानाच्या वरच. नवऱ्याच्या वाटचंही तीच बोलते असं गल्लीत म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

तरुणपणापासून उकाईसान एकच काम करत आले. नाणं टाकून खेळायची मशिनं दुरुस्त करायची. कोबेपासून हिमेजीपर्यंत कुठल्याही गेम सेंटरात मशीन अडलं की कंपनीची गाडी घेऊन हे हजर. पुढे गेम सेंटरं एकेक करून बंद पडली, कंपनीनेही गाशा गुंडाळला, आणि आता ते स्टेशनजवळच्या सायकल पार्किंगवर सकाळची ड्यूटी करतात. लोक घाईत सायकली कशाही टाकून पळतात, हे त्या सरळ रांगेत लावतात. बोलावं लागत नाही म्हणून स्वारी खूश असते, असं सुमिए सांगते.

मुलगा एकच, तोमोया. नागोयाला चांगल्या नोकरीत होता. तिथे काय बिनसलं ते त्याने आईला सांगितलं, बापाला नाही. एका वसंतात तो दोन बॅगा घेऊन घरी परतला आणि वरच्या खोलीत गेला. उकाईसान जिना चढून त्याच्या दारात उभे राहिले. तब्येत बरी आहे ना, एवढंच विचारायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं: "गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." वाक्य त्यांचं नव्हतंच. त्यांच्या बापाचं होतं, लहानपणी इतक्यांदा ऐकलेलं की जिभेवर आयतं तयार होतं. तोमोयाने ऐकून घेतलं आणि दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून त्याने बापाला तोंड दाखवलं नाही. गल्लीला वाटलं, पोरगा स्वतःला कोंडून घेऊन बसलाय. गल्लीला काय, काहीही वाटतं. बाप पार्किंगवर गेला की तो खाली यायचा, आईशी गप्पा मारत जेवायचा, कोबी चिरून द्यायचा. कॉम्प्युटरवर कुठलंसं काम करून घरखर्चाला पैसेही द्यायचा. बाप परतायच्या आत वर. बाप घरात असताना बाहेर पडायचं झालं तर मागच्या दाराने. एका छपराखाली राहून वर्षं उलटली आणि उकाईसानांना पोराची ओळख उरली ती जिन्यावरच्या पावलांपुरती. पोराचं तोंड पुन्हा बघायला मिळावं, यापलीकडे त्यांना काही नको होतं. पण दार ठोठावायचं आणि समोरासमोर उभं राहून बोलायचं, हे त्यांच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. सुमिएने किती वेळा जिन्यापर्यंत ढकललं, हे पहिल्या पायरीवरून परत.

अशात एक दिवस गोंदा दुकानात आला. गोंदा हा कंपनीतला जुना जोडीदार, आता भंगाराचा धंदा करतो आणि भंगारवाल्याला शोभेल एवढ्या मोठ्याने बोलतो.

"उकाई, आवाजी बेटावरून एक जुनं मशीन आलंय. बंद पडलेल्या हॉटेलातलं. पत्र्याच्या भावात काढू, की तुला गळा काढायला आणून देऊ?"

"कुठलं?"

"पांढरं. बसून खेळायचं. मारामारीच्या खेळाचं. आपण पाठीला पाठ लावायचो बघ, त्यातलं."

उकाईसानांचा घास हातातच राहिला.

त्याचं असं आहे. मारामारीचा खेळ नवा निघाला तेव्हा मशीन एकच असायचं आणि दोघांनी शेजारी शेजारी बसून खेळायचं. आता आमच्याकडे अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून त्याला ठोसे कोण मारणार? एकजण खेळतोय, मागे गर्दी उभी, आणि शेजारची जागा रिकामी. मग कोणीतरी शक्कल काढली. दोन मशिनं पाठीला पाठ लावून ठेवायची आणि दोन्ही आतून एकाच सर्किट बोर्डाला जोडायची. खेळणारे समोरासमोर, पण मध्ये दोन मशिनांची भिंत. पलीकडच्याने नाणं टाकलं की तुमच्या पडद्यावर अक्षरं झळकणार, आव्हान आलंय म्हणून. झालं, वर्गात उभं राहून नाव सांगायला लाजणारी पोरं गुपचूप पलीकडे बसून आव्हानं द्यायला लागली. एक नियम मात्र कोणी न शिकवता सगळे पाळायचे. उठून पलीकडे डोकवायचं नाही. हरलेल्याचं तोंड बघायला जाण्यावरून खऱ्याखुऱ्या मारामाऱ्या झालेल्या आहेत.

"पत्र्यात देऊ नकोस," उकाईसान म्हणाले. "आणि त्याच्या जोडीचं दुसरं बघ."

"एकाने भागत नाही?"

"एकटा कोणाशी खेळू?"

गोंदा काहीतरी चावट बोलणार होता. पण उकाईसानांची नजर वर छताकडे गेलेली त्याने पाहिली आणि तो पुढचा घास मुकाट्याने खायला लागला. गोंदा मुकाट्याने खातोय हे बघून सुमिएला शंका आली. गोंदा गेल्यावर तिने नवऱ्याकडून सगळं काढून घेतलं.

"म्हणजे पोराचं तोंड बघायचंय, म्हणून तुम्ही असं मशीन उभं करणार, ज्यात तोंड दिसतच नाही?"

"तो बसेल तरी समोर."

"धन्य आहे. मलासुद्धा लग्नाचं विचारलंत ते गाडीचं बॉनेट उघडून, त्यात डोकं खुपसून. मला वाटलं इंजिनाला विचारताय."

"तू हो म्हणालीस ना?"

"इंजिन काही बोलेना, म्हणून मी बोलले," सुमिए म्हणाली आणि कोपऱ्यातलं टेबल हलवायला घेतलं. तिथे जागा झाली.

दुसरं मशीन मिळता मिळेना. शेवटी तांबा भागातल्या डोंगरात एका चेस्टनटच्या बागायतदाराकडे सापडलं. त्याने त्यात उंदरांपासून वाचवायला बियाणं ठेवलं होतं. पिक्चर ट्यूब फुटलेली, दार गंजलेलं. गोंदा म्हणाला, हल्ली हाताच्या तळव्याएवढी डबी मिळते, जुने सगळे खेळ त्यात असतात, चपटा पडदा लाव आणि मोकळा हो, दुपारभराचं काम. उकाईसानांनी मान हलवली. "तो ओळखेल," म्हणाले. तोमोयाचं अर्धं लहानपण गेम सेंटरच्या स्टुलावर गेलं होतं. त्याला नकली माल दाखवून खाली बोलावणं म्हणजे फसवणूक, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार. त्यांनी तसं बोलून मात्र दाखवलं नाही.

तेव्हा ट्यूब त्याच काळातली हवी, बोर्ड तोच, बटणं तीच, नाण्याची पेटीसुद्धा तीच. ट्यूब एका बंद झालेल्या वसतिगृहातून आली. बोर्ड ओकायामाच्या एका शौकीन दंतवैद्याकडे होता. त्याने पैसे नकोत म्हटलं, पण आपली सगळी बिघडलेली मशिनं दुरुस्त करून मागितली, आणि उकाईसान कित्येक रविवार डबा घेऊन ओकायामाला जात राहिले. पिवळं पडलेलं प्लास्टिक औषध फासून गच्चीत उन्हाला ठेवलं. तारांचा जुडगा जुन्या रंगांप्रमाणे नव्याने बांधला. संध्याकाळची गिऱ्हाइकं कुरकुरायची, ओकोनोमियाकीला सोल्डरचा वास येतोय म्हणून. "जास्तीचा मसाला आहे, फुकट घ्या," सुमिए त्यांना सांगायची.

वरून काही चाहूल नव्हती. उकाईसान हातोडी जरा जास्तच जोरात आपटायचे, उगीचच मशीनचा जॉयस्टिकचा दांडा कटकट फिरवायचे. वर शांत.

मग एका संध्याकाळी सुमिए भांडी पुसता पुसता म्हणाली, "तो म्हणत होता, एका दांड्याचा आवाज बरोबर नाही."

उकाईसान मशीनखाली आडवे झाले होते. तिथूनच म्हणाले, "कोण तो?"

"कोण म्हणजे? वरचा. म्हणाला, एक दांडा जुना वाजतो, दुसऱ्याचा आवाज पातळ आहे. नवा स्विच घातलाय का, विचारत होता."

घातला होता. दुसऱ्या मशीनच्या दांड्याला त्या जातीचा एक स्विच कुठे मिळाला नाही, म्हणून हल्लीचा टाकला होता. दिसायला हुबेहूब, गोंदालाही कळला नव्हता. उकाईसान मशीनखालून बाहेर आलेच नाहीत बराच वेळ. सुमिएने वाकून बघितलं तर आडवे पडल्या पडल्या हसत होते. हे त्यांचं हसणं फार कमी लोकांनी पाहिलंय.

"सांग त्याला," म्हणाले, "बदलतो."

त्या एका स्विचसाठी त्यांनी गोंदाचं अख्खं कोठार उपसायला लावलं. गोंदाने शिव्यांची लाखोली वाहिली, पण शोधून दिला.

मशिनं उभी राहिली. एक खुर्ची तव्याच्या बाजूला, दुसरी जिन्याच्या बाजूला. जिन्यावरून उतरणारा माणूस बापाच्या नजरेला न पडता थेट त्या खुर्चीत बसू शकेल, अशी मांडणी उकाईसानांनी दोरी धरून केली होती. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा ते तव्याच्या बाजूला बसून मशीनशीच खेळत राहायचे. तीन दिवस, चार दिवस, आठवडा. गल्लीतली पोरं येऊन खेळून गेली, माशाच्या दुकानातली म्हातारी बटणं बघून गेली. समोरची खुर्ची दुपारची रिकामीच.

आणि एका दुपारी पलीकडे नाणं पडलं. पडद्यावर आव्हानाची अक्षरं झळकली. उकाईसानांनी दांडा घट्ट धरला. खेळ कधी सुरू झाला, कधी संपला, त्यांना कळलंच नाही. सडकून मार खाल्ला होता. त्यांना राहवलं नाही. उठले आणि मशीनच्या बाजूने पलीकडे डोकावले.

गोंदा बसला होता, दात काढून.

"काय रे, एवढा लाल कशाला झालास? मागच्या दाराने आलो, सुमिएसानने सोडलं."

उकाईसान परत येऊन बसले. गोंदाला तेव्हा कळलं आपण काय केलं ते, आणि तो जो गेला तो पुढचे कितीतरी दिवस दुकानाकडे फिरकला नाही. पण खरं नुकसान वेगळंच झालं होतं. रात्रीच्या जेवणाला सुमिए ताट पुढे सरकवत म्हणाली, "आज तुम्ही डोकावलात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"खुर्ची सरकल्याचा आवाज वर जातो. तो म्हणाला, डोकावणार असतील तर मी बसणार नाही."

उकाईसानांना जेवण गेलं नाही. म्हणजे तो यायचा विचार करत होता. म्हणजे आपणच घालवलं. इतके महिने खपून मशीन बांधलं आणि त्याचा एकमेव नियम आपणच मोडला, तोही गोंदाच्या तोंडासाठी. "सांग त्याला," ते म्हणाले आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. "सांग त्याला, नाही डोकावणार. तो कधीही आला तरी. कधीच नाही."

"बघा हं. कधीच नाही म्हणजे तोंड दिसणार नाही कधी."

"नाही तर नाही. समोर बसू दे."

सुमिए त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला तेव्हा नवऱ्याची फार माया आली, असं तिनेच मागाहून गल्लीत सांगितलं.

पुढे दिवस गेले. पाऊस धरला होता, पार्किंगवर सायकली कमी होत्या, उकाईसान लवकर घरी आले. सुमिए आत भांडी घासत होती. ते नेहमीप्रमाणे बसले. जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबून. पलीकडची खुर्ची करकरली. नाणं पडलं.

उकाईसानांनी मान खाली घातली आणि बटणांवर हात ठेवले.

त्यांना खेळता येत नव्हतं, हे इथे सांगायला हवं. जन्मभर त्यांनी मशिनं तपासली, या दुपारी सोडल्या तर खेळले कधी नाहीत. गडबडले की हात आपसूक तपासणीला लागायचे: वरची तीन बटणं डावीकडून उजवीकडे, मग खालची तीन, मग दांडा गोल. वरचे तीन ठोसे, खालच्या तीन लाथा, पुन्हा ठोसे. त्या दिवशीही हात तेच करत सुटले. पडद्यावर त्यांचा गडी लांब उभा राहून हवेत हातपाय झाडत होता, आणि समोरचा गडी नुसता बघत होता. पुढे येईना, मारेना.

आधी त्यांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. मग वाटलं, रागावलाय. मग वाटलं, उठून गेला असेल. मान वळवून बघायची अशी काही ऊर्मी आली की त्यांनी एका हाताने खुर्चीची कड धरून ठेवली. दुसऱ्या हाताने बटणं दाबत राहिले.

"बाबा."

आवाज मशिनांच्या वरून आला. जरा घोगरा झाला होता.

"अं."

"परत करा ते."

"काय?"

"तुमचं नेहमीचं. वरची तीन, खालची तीन. एकेक, सावकाश."

त्यांनी केलं. नोकरीला लागल्या दिवशी केलं असेल तितक्या काळजीने केलं.

"पाचवं मेलंय," तोमोया म्हणाला. "मधली लाथ बसत नाहीये."

"शक्य नाही. काल तपासलंय मी."

"समोरून मला दिसतंय ना. तुम्ही बटणांकडे बघत बसलाय, पडद्याकडे बघाल तर कळेल."

उकाईसानांनी पडद्याकडे बघून पाचवं बटण दाबलं. गडी ढिम्म. काल पॅनल बंद करताना तार निसटली असणार. आयुष्यात कधी पॅनल बंद करून पुन्हा तपासल्याशिवाय ते मशीनपासून हलले नव्हते. काल पार्किंगवर जायची घाई होती. भलत्या वेळी हे व्हायचं होतं.

"राहू दे," ते घाईघाईने म्हणाले. "पाचांनी चालतंय. तू खेळ. मार मला."

"वा! लंगड्या मशीनवर बसलेल्या माणसाला हरवून मी गल्लीत मिरवू का?"

"अरे, तसंही हरणारच आहे मी."

"हरा ना. पण सहा बटणांनी हरा."

पलीकडची खुर्ची मागे सरकली. उकाईसान घाबरले. वाटलं, चालला वर. पण पावलं जिन्याकडे गेली नाहीत. मशिनांना वळसा घालून, तव्याच्या बाजूने, ती इकडे आली. उकाईसान पुढ्यातल्या बटणांकडे बघत बसून राहिले. शब्द दिला होता.

"सरका थोडं. स्क्रूड्रायव्हर कुठाय?"

त्यांनी खिशातून काढून न बघताच पुढे धरला. त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसून तोमोयाने पॅनलचे स्क्रू सोडले, ते उचललं आणि आत डोकं घातलं. "अंधार आहे. बॅटरी धरा."

उकाईसानांनी तव्याशेजारची बॅटरी घेतली आणि पेटवून धरली. आत भांडी घासल्याचा आवाज थांबला होता. नळ तसाच वाहत होता.

"त्या दिवशी," उकाईसान म्हणाले, "दारात उभा राहून मी जे बोललो ना. ते बोलायला आलो नव्हतो. बरा आहेस का, विचारायला आलो होतो. चुकलं माझं."

तोमोयाचे हात तारांत होते. ते थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"आता बरा आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "बाबा, बॅटरी."

"धरलीये."

"तार इकडे आहे. इकडे, खाली. तुम्ही माझ्या तोंडावर धरलीये."

"हो," उकाईसान म्हणाले. पोरगा वाळला होता. कानाजवळ एकदोन केस पिकले होते, चष्मा नवा होता, हनुवटीवर दाढीचे खुंट. उजेडाने त्याचे डोळे बारीक झाले होते. त्यांना बॅटरी खाली करायची होती, खरंच करायची होती, पण हात ऐकेना.

तोमोयाने मान फिरवली नाही. डोळे किलकिले करून, हातात सुटी तार धरून, तो तसाच बसून राहिला आणि त्याने बापाला बघू दिलं.